फाळका, जॅक आणि मधली जागा

प्रश्न : काटोल रस्त्याला माझी संत्र्याची बाग आहे. चार दारांची, मागे उघडा हौदा असलेली पिकअप आहे आणि तिला जोडायला दोन चाकांचा एक ट्रेलर करून घेतला आहे. ट्रेलरवर जनरेटर आणि फवारणीची टाकी असते, हौद्यात क्रेट. ट्रेलरच्या पुढच्या दांडीवर हाताने फिरवायचा जॅक होता. कमरेच्या दुखण्यामुळे तो काढून बॅटरीवर चालणारा इलेक्ट्रिक जॅक बसवायचा आहे. पण ट्रेलर जोडलेला असताना पिकअपचा फाळका उघडला तर तो जॅकच्या डोक्यावर आदळेल असं दिसतंय. फाळका आणि जॅक यांच्यात किती जागा लागते? दुकानदार म्हणतात, हुकचा दांडा चार इंच लांब घ्या, प्रश्न मिटेल. मिटेल का?

— एक बागायतदार, नागपूर

उत्तर : दांडा लांब घेऊ नका. तुमच्या प्रश्नावर दुसरा, जास्त सुरक्षित उपाय आहे आणि तो नेमका इलेक्ट्रिक जॅकमुळेच शक्य होतो. पण आधी फाळका आणि जॅक एकमेकांना कुठे भेटतात ते नीट पाहू, कारण बहुतेक जण ट्रेलर सरळ रेषेत आणि सपाट जागी उभा करून टेप लावतात आणि तिथेच फसतात.

फाळका खालच्या बिजागरीवर फिरतो. उभा असताना त्याची वरची कड हौद्याच्या उंचीला असते. तो उघडला की ती कड वर्तुळाच्या पाव भागातून मागे आणि खाली येते. पूर्ण आडवा झाला की फाळका त्याच्या उंचीइतका मागे पसरतो. चार दारांच्या पिकअपमध्ये ही उंची साधारण अर्धा मीटर असते. तेवढ्या पट्ट्यात जॅकचं डोकं असेल आणि ते आडव्या फाळक्याच्या खालच्या बाजूपेक्षा उंच असेल, तर टक्कर ठरलेली. म्हणजे सुटकेचे दोनच मार्ग. जॅक फाळक्याच्या पोहोचीपलीकडे तरी हवा, नाहीतर फाळक्याखालून निसटेल इतका बुटका तरी हवा.

उदाहरणादाखल आकडे घेऊ. तुमच्या गाडीचे वेगळे निघतील, पण पद्धत हीच. बिजागरी जमिनीपासून ८० सेंटिमीटरवर आहे, फाळका ५२ सेंटिमीटर उंच आहे आणि आडवा झाल्यावर त्याची खालची बाजू जमिनीपासून ७६ सेंटिमीटरवर येते असं धरा. हुकचा बॉल बिजागरीच्या २५ सेंटिमीटर मागे आहे. जॅक नेहमीच्या जागी, म्हणजे कप्लरच्या (बॉलवर बसणाऱ्या ट्रेलरच्या तोंडाच्या) लगेच मागच्या पट्टीवर आहे. बॉलपासून त्याचा मध्य ३० सेंटिमीटर मागे. जॅकच्या डोक्याची निम्मी रुंदी ८ सेंटिमीटर धरली तर त्याची पुढची बाजू बिजागरीपासून ४७ सेंटिमीटरवर येते. फाळका पोहोचतो ५२ पर्यंत. ट्रेलरची दांडी जमिनीपासून ४४ सेंटिमीटरवर आणि तिच्यावर जॅकचं डोकं ४० सेंटिमीटर, म्हणजे माथा ८४ वर. फाळका आडवा व्हायला दहा-एक अंश उरलेले असताना त्याची कड जॅकवर बसेल. लांबीत फक्त पाच सेंटिमीटरचा अडथळा, म्हणून दुकानदार चार इंचांचा सल्ला देतात.

सरळ उभ्या ट्रेलरला तो लागूही पडतो. दांडा १० सेंटिमीटर वाढवला की जॅकची पुढची बाजू ५७ वर जाते आणि फाळका पाच सेंटिमीटर राखून खाली येतो. पण ट्रेलर वळलेला असला की काय होतं? जॅक बॉलभोवती फिरतो. ट्रेलर जितका वळेल तितका जॅक बाजूला जातो आणि त्याचबरोबर पुढे, बंपरकडे सरकतो. वरच्या उदाहरणात ट्रेलर ३४ अंश वळला की लांब दांड्याने मिळवलेली सगळी जागा संपते. ६० अंशांच्या वळणात तर जॅकची पुढची बाजू बिजागरीपासून ४२ सेंटिमीटरवर येते, म्हणजे फाळक्याच्या पोहोचीत दहा सेंटिमीटर आत. बागेत दोन ओळींच्या टोकाला गाडी वळवून उभी केली, किंवा कळमन्याच्या मार्केट यार्डात गर्दीत मिळेल त्या जागेत मागे घेतली, की ट्रेलर सरळ नसतोच. आणि क्रेट उतरवायला फाळका उघडायची वेळ नेमकी तिथेच येते.

दांडा वाढवण्याविरुद्धचं दुसरं कारण जास्त गंभीर आहे. भरलेल्या ट्रेलरचं साधारण एक दशांश वजन पुढे बॉलवर यावं, असा जुना आणि अनुभवाने ठरलेला अंदाज आहे. ट्रेलर दीड हजार किलोचा असेल तर बॉलवर दीडशे किलो. हा भार पिकअपच्या चासीला जोडलेल्या नळीतून बाहेर आलेल्या दांड्याच्या टोकाशी लोंबतो. नळीपासून बॉल २० सेंटिमीटरवर असेल आणि तो तुम्ही ३० वर नेलात, तर दांड्याच्या मुळाशी वाकवणारा जोर दीडपट होतो. पिकअपच्या पुढच्या आणि मागच्या चाकांवरच्या भारात मात्र फारसा फरक पडत नाही, पाच-सहा किलोचा खेळ. म्हणून गाडी चालवताना काही बदललं आहे असं वाटत नाही, आणि वेल्डिंगची जागा मात्र प्रत्येक खड्ड्यात दीडपट ताण सोसत राहते. शिवाय बॉल मागच्या चाकांपासून जितका लांब, तितकी ट्रेलरला डोलायला लागल्यावर पिकअपची मागची बाजू ओढत नेण्याची ताकद जास्त. नागपूरच्या बाहेर पडलेला महामार्ग सरळ आणि वेगाचा आहे. फाळका उघडण्याच्या सोयीसाठी तिथली स्थिरता कमी करणं मला अजिबात पटत नाही.

आता दुसरा मार्ग : जॅक फाळक्याखालून निसटेल इतका बुटका करणं. तत्त्वतः हाच उत्तम, कारण खाली असलेला जॅक ट्रेलर कोणत्याही कोनात असला तरी खालीच राहतो. अडचण इलेक्ट्रिक जॅकच्या बांधणीत आहे. मोटर, गिअर आणि बटणं असलेला डबा वर असतो, आणि त्याखालच्या बाहेरच्या नळीत आतला पाय मावावा लागतो. बाजारात सर्रास मिळणारे जॅक सुमारे दीड टनाचे असतात, त्यांचा पाय साधारण ४५ सेंटिमीटर खाली जातो. एवढा पाय वर ओढल्यावर तो कुठेतरी मावायला हवा. एक तर डोकं उंच राहणार, नाहीतर नळी दांडीखाली लोंबणार. खाली लोंबली तर बांधावरून किंवा नाल्यातून जाताना ती टेकते. पिनने खाली सरकणारा जोडपाय असलेला जॅक घेतला तर मुख्य नळी आखूड चालते आणि उंची काही सेंटिमीटर वाचते. पण आपल्या उदाहरणात फाळक्याखाली नुसते पाच सेंटिमीटर मोकळे ठेवायचे म्हटले तरी जॅकचा माथा ७१ वर हवा, म्हणजे दांडीच्या वर केवळ २७. एवढा बुटका आणि तरी पुरेसा उचलणारा जॅक मिळणं कठीण.

म्हणून माझा सल्ला : जॅक ट्रेलरच्या दांडीवरच मागे सरकवा. ट्रेलरचा पुढचा भाग त्रिकोणी असतो, दोन लोखंडी पट्ट्या कप्लरपासून फाकत ट्रेलरच्या चौकटीला मिळतात. या दोन पट्ट्यांमध्ये आडवं चॅनेल वेल्ड करून त्यावर जॅकची तीन बोल्टची बैठक बसवा. बॉलपासूनचं अंतर ३० ऐवजी ६० सेंटिमीटर झालं की सरळ स्थितीत जॅकची पुढची बाजू बिजागरीपासून ७७ सेंटिमीटरवर जाते. फाळका तिच्या जवळपासही पोहोचत नाही. वळणातही ट्रेलर ५४ अंशांपर्यंत वळेतो फाळका बिनधास्त उघडतो, आणि त्याहून तिरपा ट्रेलर ठेवून कोणी माल उतरवत नाही. हुकचा दांडा आहे तेवढाच राहतो.

यात जॅकवरचा भार वाढतो, पण किरकोळ. बॉलपासून चाकांचा आस तीन मीटर मागे असेल आणि बॉलवर दीडशे किलो येत असतील, तर ३० सेंटिमीटरवरच्या जॅकला सुमारे १६७ किलो उचलावे लागतात, ६० सेंटिमीटरवर १८८. दीड टनाच्या जॅकला हे काहीच नाही. उलट कप्लर दहा सेंटिमीटर उचलायला मागचा जॅक आठच सेंटिमीटर वर यावा लागतो.

हाताने फिरवायच्या जॅकला ही जागा चालली नसती, कारण त्याच्या हँडलला फिरायला मोकळं वर्तुळ लागतं आणि मागे तुमची टाकी किंवा जनरेटरची पेटी आडवी आली असती. इलेक्ट्रिक जॅकला हँडल नाही. बटण दाबायला बोट पोहोचलं की झालं. एक गोष्ट मात्र पाहून घ्या : बॅटरी बसली तर हाताने चालवण्यासाठी त्याच्या माथ्यावर किंवा बाजूला एक खाच असते आणि तिच्यात लहान हँडल घालावं लागतं. त्या हँडलला एक फेरा घेता येईल एवढी जागा टाकीपासून सोडा. बसवण्याआधी पुठ्ठ्याचा जॅकएवढा खोका त्या जागी ठेवून फाळका हळूहळू खाली आणा, ट्रेलर दोन्ही बाजूंना वळवून पुन्हा आणा, आणि मगच वेल्डरला बोलवा.

आता किती जागा, या तुमच्या मूळ प्रश्नाकडे. जोडलेल्या अवस्थेत पाच सेंटिमीटर पुरतात असं बरेच जण मानतात. जमीन सपाट असेल तर पुरतात. उंचसखल जमिनीवर ट्रेलर पिकअपशी नुसता पाच अंशांनी वाकला तर बॉलच्या वर ४० सेंटिमीटरवर असलेलं डोकं साडेतीन सेंटिमीटर पुढे झुकतं. म्हणून मी लांबीत १० सेंटिमीटरच्या खाली जाणार नाही. आणि जॅक फाळक्याखालून जाणारा असेल तर उंचीत किमान १० ते १२ सेंटिमीटर मागेन, त्याचं कारण ट्रेलर सोडण्याच्या आणि जोडण्याच्या वेळेत आहे.

ट्रेलर सोडताना जॅक दांडी वर उचलतो. कप्लर बॉलच्या वर निघायला हवा, बॉल स्वतः ५० मिलिमीटरचा आणि वर थोडी जागा. ही उचल होताना जॅकचं डोकंही दांडीबरोबर वर जातं. पिकअपचे कमानपाटे भार गेल्यावर थोडे उसळतात, त्यामुळे फाळकाही किंचित वर येतो, पण तेवढा नाही. म्हणजे जोडलेल्या अवस्थेत मोजलेली पाच सेंटिमीटरची फट याच वेळी संपते. जोडतानाही तेच. पिकअप मागे घेताना कप्लर आरशात दिसावा म्हणून पुष्कळ चालक फाळका उघडा टाकतात. त्या क्षणी ट्रेलरची दांडी उचललेली असते, जॅक सर्वांत उंच असतो, आणि गाडी मागे येत असते. फाळक्याची कड जॅकवर आदळून पोचे येतात ते बहुधा असे.

हाताने जॅक फिरवताना काही अडकलं की हाताला कळतं. इलेक्ट्रिक जॅकला ते कळत नाही. फाळका उघडा विसरून बटण दाबलं आणि डोकं खालून फाळक्याला टेकलं, तर मोटरकडे दीड टन उचलायची ताकद आहे. पत्रा वाकेल, बिजागरी निखळेल, मोटरच्या आवाजात फारसा फरक न पडता. म्हणून जॅकच्या बटणाला हात लावण्याआधी फाळका बंद करायचाच, ही सवय घरातल्या आणि बागेतल्या प्रत्येकाला लावा. जॅक मागे बसवल्यावर धोका कमी होतो, तरीही.

तुमच्या पिकअपचा फाळका तारेच्या दोराने किंवा पट्ट्याने आडवा थांबत असणार. पण मालवाहू पिकअपमध्ये अनेकदा तो कड्या काढल्या की थेट खाली लोंबतो, दोन्ही बाजूंच्या साखळ्या काढून ठेवलेल्या असतात. अशा गाडीमागे ट्रेलर जोडायचा असेल तर फाळका आडवा थांबेल इतक्याच लांबीच्या साखळ्या आधी लावा, कारण लोंबणारा फाळका कप्लर आणि हुकवरच आपटतो. मधून फाटून दोन्ही बाजूंना उघडणारी दारं बसवणं हाही उपाय आहे, पण त्यात गाडीच्या मूळ रचनेत बदल होतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार असा बदल आरटीओच्या मान्यतेशिवाय करता येत नाही. त्याच कायद्यात ट्रेलर हे स्वतंत्र वाहन आहे, त्याची वेगळी नोंदणी लागते आणि ओढणाऱ्या गाडीचा क्रमांक ट्रेलरवरही दिसावा लागतो. तुमची गाडी एमएच ३१ ची असो की ग्रामीणच्या एमएच ४० ची, ट्रेलर घरी बनवून घेतला असेल तर ही कागदपत्रं जॅकच्या आधी पूर्ण करा.

आणि काळ्या मातीबद्दल. पावसाळ्यात जॅकचा पाय उचलण्याऐवजी मातीत शिरतो. ट्रेलर वर जात नाही, पायाचा प्रवास मात्र संपतो. पायाखाली ठेवायला साधारण एक फूट चौरस, दोन इंच जाडीची सागाची किंवा बाभळीची फळी कायम ट्रेलरवर बांधून ठेवा. चाकांना दोन्ही बाजूंनी उटी लावल्याशिवाय कप्लर सोडू नका. जॅक मागे सरकवल्यावरही हा नियम तसाच.

प्रश्न : याच जॅकला नागपूरच्या उन्हाळ्यात बॅटरी टिकेल का? पिकअपच्या बॅटरीवरून थेट वायर आणली तर?

— एक वाचक, हिंगणा

उत्तर : पिकअपला ट्रेलरचे दिवे जोडायचा जो प्लग असतो, त्याच्या बारीक वायरींवर जॅक चालवू नका. असे जॅक १२ व्होल्टवर चालतात आणि सहसा ३० अँपिअरचा फ्यूज मागतात. ट्रेलरवरच वेगळी बॅटरी ठेवा, तिथून जॅकपर्यंत ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर न्या आणि फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ लावा, जॅकजवळ नाही. वायर मध्येच घासून चासीला टेकली तर फ्यूजच्या पुढचाच भाग सुरक्षित असतो.

उन्हाळा ही खरी अडचण आहे. २३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९ अंश सेल्सिअस नोंदवलं गेलं, आणि उन्हात उभ्या ट्रेलरवरच्या बंद पत्र्याच्या पेटीत हवेपेक्षा बरंच जास्त तापतं. लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य तापमान दहा अंशांनी वाढलं की जवळपास निम्मं होतं, असा ढोबळ हिशेब आहे. म्हणून बॅटरी सावलीच्या बाजूला, जाळीच्या पेटीत, वर झाकण पण बाजूंनी हवा खेळेल अशी बसवा. ती चार्ज करायला पिकअपमधून वेगळी जाड वायर आणा किंवा एक छोटं सौर पॅनेल लावा. जॅक वापरतो तो वेळ थोडाच असतो, त्यामुळे छोटं पॅनेलही पुरतं. मे महिन्यात जॅकचं डोकं कापडी टोपीने झाका. बटणांवरचं रबर उन्हाने तडकतं आणि जूनच्या पहिल्या पावसात पाणी आत शिरतं.

प्रश्न : वाडीकडे मोठमोठे कंटेनर ट्रेलर वळताना दिसतात. त्यांच्या पुढच्या पायांना आणि ट्रकच्या पाठीला अशीच अडचण येत नाही का?

— एक विद्यार्थिनी, नागपूर

उत्तर : येते, आणि तिथे ती गाडी बनवतानाच सोडवलेली असते. श्रीनगर ते कन्याकुमारी जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ आणि हजिरा ते पारादीप जाणारा ५३, हे दोन्ही नागपुरात एकमेकांना छेदतात, म्हणून अशा गाड्या आपल्याकडे इतक्या दिसतात. या अर्ध-ट्रेलरचा पुढचा भाग ट्रकच्या पाठीवरच्या तव्यावर टेकतो आणि खालची जाड पिन तव्याच्या खाचेत अडकते. सर्वत्र चालणारी पिन दोन इंच, म्हणजे ५०.८ मिलिमीटर व्यासाची असते. ट्रेलर या पिनेभोवती फिरतो.

पिन ट्रेलरच्या पुढच्या कडेपासून ९० सेंटिमीटर आत असेल, तर सरळ चालताना ट्रकच्या केबिनची पाठ पिनेपासून एक मीटरवर असली तरी चालेल असं वाटतं. पण ट्रेलर २.६ मीटर रुंद आहे, आणि वळताना पुढे येते ती कडेची मधली जागा नव्हे, कोपरा. पिनेपासून कोपऱ्याचं अंतर पायथागोरसने काढा : ९० सेंटिमीटर आणि रुंदीचा निम्मा भाग १३० सेंटिमीटर, यांच्या वर्गांची बेरीज आणि तिचं वर्गमूळ. उत्तर १५८ सेंटिमीटर. केबिनची पाठ, तिच्यामागे बसवलेली एअर टाकी, एक्झॉस्टचा उभा पाइप, सगळं या १५८ च्या बाहेर हवं, आणि वर थोडी सूट.

ट्रेलरच्या पायांना, म्हणजे ट्रक काढून घेतल्यावर ट्रेलर ज्यांवर उभा राहतो त्यांना, उलटी जागा लागते. ते पिनेच्या मागे असतात, आणि वळताना ट्रकच्या चासीची मागची टोकं आणि चाकं त्यांच्यापर्यंत पोहोचता कामा नयेत. म्हणून ते पिनेपासून बऱ्यापैकी मागे लावतात. हे पाय बहुधा अजूनही हातानेच फिरवतात. हँडल बाहेर ओढलं की पाय पटकन सरकतो पण ताकद कमी; आत ढकललं की हळू सरकतो आणि टनावारी वजन उचलतो. रस्त्याच्या कडेला ट्रकला जोडलेला एखादा ट्रेलर उभा दिसला तर बाजूने पाहा : पाय आणि ट्रकचं मागचं चाक यांच्यात मोकळी फट दिसेल. ट्रेलर सरळ असताना ती मोठी वाटते, आणि तो यार्डात काटकोनात वळला की तिचा बहुतेक भाग वापरला जातो.